तोफेखाली वाळत घातलेले मासे

"फ्राऊ जाधव, मला एवढंच सांगा, फुलं कुठल्या समुद्रात टाकू?"

फ्राऊ हान्सेननी कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि पर्समधून एक जुना फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. बाई पंचाहत्तरीच्या, गुडघे गेलेले, पण केस छान सेट करून आलेल्या. मुलीबरोबर नॉर्वेला जायचं ठरलं होतं. "इतका लांबचा प्रवास आता एकदाच झेपेल," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी विचारायला आले."

मी तेव्हा हॅम्बर्गच्या बंदराजवळच्या एका लहान संग्रहालयात जुन्या फोटोंचं काम बघत होते. डिग्री वगैरे काही नाही हो. सुरुवात तिकीटखिडकीवर झाली. पाऊस असला की कोणी येत नाही, आणि हॅम्बर्गमध्ये पाऊस कधी नसतो? मग बसल्या बसल्या खोक्यांतले बोटींचे फोटो लावत गेले आणि त्यातच मुरले.

फोटोत एक राखाडी बोट होती. पुढे तोफ, नाकावर मोठा नंबर, आणि तोफेला टेकून हसणारा तरुण. हेच फ्राऊ हान्सेनचे वडील. धंद्याने कोळी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने मासेमारीचे ट्रॉलर ताब्यात घेतले. ट्रॉलर म्हणजे तळावरून मोठं जाळं ओढत नेणारी बोट. तिच्यावर तोफ बसवायची, राखाडी रंग फासायचा आणि किनाऱ्यावर पहाऱ्याला उभी करायची. अशा बोटीला म्हणायचे फोरपोस्टेनबोट. बऱ्याचदा बोटीबरोबर तिच्यावरचे कोळीही उचलले जायचे.

वडील परत आले नाहीत. घरातले कागद बॉम्बहल्ल्यात जळले, आईही त्यात गेली. फ्राऊ हान्सेनना मावशीने वाढवलं, हा फोटो तिच्याकडे होता म्हणून राहिला. सरकारी नोंदीत बोटीचा नंबर आणि 'समुद्रात बेपत्ता' एवढंच. इंटरनेटवर तो नंबर टाकला की उत्तर यायचं, नॉर्वे.

मी फोटो घेऊन आमच्या प्रमुखांकडे गेले, हेर लोरेन्झ यांच्याकडे. (जर्मनमध्ये 'फ्राऊ' म्हणजे बाई, तसं 'हेर' म्हणजे श्रीयुत.) नंबर बघताच ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, हा नंबर दोन बोटींना होता."

"एकाच वेळी?"

"नाही. पहिली डच किनाऱ्याजवळ बुडाली, कोणी वाचलं नाही. मग तोच नंबर दुसरीला दिला. ती नॉर्वेजवळ गेली. नौदलाला पहाऱ्याची जागा भरायची असते, बोट कुठली का असेना. दुसरीबद्दल जास्त लिहिलं गेलंय, म्हणून सगळे तिकडेच जातात. या कामातली नेहमीची चूक."

"मग फोटोतली कुठली?"

"तोफ दोघींवर सारखीच. मला सांगता येणार नाही."

हे त्यांचं मला फार आवडायचं. माहीत नसेल तर स्वच्छ सांगायचे. मोठ्या पदावरच्या माणसांना ते इतकं सहज जमत नाही.

मी फोटो स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला. तोफेखाली एक दोरी बांधलेली दिसली आणि तिच्यावर काहीतरी टांगलेलं. हेर लोरेन्झ मागे येऊन उभे राहिले. "ते धुणं आहे," ते म्हणाले. "प्रत्येक बोटीवर असतं."

"अहो, धुण्याला शेपट्या असतात का?"

ते वाकून बघायला लागले. मी दापोलीकडची, हर्णेच्या किनाऱ्यावर वाढलेली. बांबूच्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बघतच लहानाची मोठी झाले. मासा वाळत घातलाय हे मला लांबून कळतं. आणि हे मासे चपटे होते, आपल्या लेपीसारखे. नॉर्वेत वाळवतात तो कॉड, लांबोडका, शेपट्या बांधून जोडीने. चपटा मासा मिळतो तो उथळ, वाळूच्या तळाच्या समुद्रात. डच किनाऱ्याला लोक तो असाच वाळवून खातात.

मी अगदी खुशीत वळले. हेर लोरेन्झ म्हणाले, "सुंदर. पण मासा हा पुरावा नाही. चपटे मासे नॉर्वेतही असतात. आपल्याकडे नियम काय?"

"दोन वेगळे पुरावे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. एका बाईचा एकदाच होणारा प्रवास आहे हा, फ्राऊ जाधव."

मग आम्ही दोघं खोकी काढून बसलो. दोन्ही बोटींचे मासेमारीच्या काळातले फोटो शोधले. ट्रॉलरच्या कडेला लोखंडी कमान असते, तिच्यावरून जाळ्याचे दोर समुद्रात सोडतात. फ्राऊ हान्सेनच्या फोटोत नौदलाने ती काढलेली नव्हती, आणि ती वरच्या टोकाला आत वाकलेली होती. दुसऱ्या बोटीची कमान ताठ निघाली. पहिलीची वाकलेली, अगदी तशीच. हे शोधलं हेर लोरेन्झनी. भिंग खाली ठेवून ते आमच्यासाठी कॉफी करायला गेले.

आता हे लोक कोणाच्या बाजूने लढले, हे मी विसरत नाही. पण तोफेखाली दोरी बांधून मासे वाळवणाऱ्या त्या कोळ्यांचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही. वरून हुकूम कसलेही आले तरी हातातला धंदा त्यांनी सोडला नव्हता.

फ्राऊ हान्सेनना पुन्हा बोलावलं आणि स्क्रीनवर सगळं दाखवलं. त्या आयुष्यभर तोफेकडेच बघत आल्या होत्या. दोरीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे डच किनारा. नक्की?"

हेर लोरेन्झ म्हणाले, "बहुधा. यापेक्षा मोठा शब्द मी देऊ शकत नाही."

बाई म्हणाल्या, "आत्तापर्यंत सगळे मला 'नक्की नॉर्वे' म्हणत होते. तुमचं 'बहुधा' घेते मी." आणि तिथेच मुलीला फोन लावून नॉर्वे रद्द करायला सांगितलं.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, मागे वाऱ्याचा आवाज. फुलं टाकून झाली होती. "इथे टपरीवर तो मासा मिळतो, वाळवलेला. खाऊन बघितला."

"कसा होता?"

"भयंकर खारट! पण संपवला."

तेव्हापासून युद्धातल्या बोटीचा फोटो आला की हेर लोरेन्झ नंबर वाचायच्या आधी मला हाक मारायचे, "फ्राऊ जाधव, धुणं की मासे?" बहुतेक वेळा धुणंच निघायचं. तरी बघायचं.