दोन हातांचा चर

सूर्याजीकाका म्हणजे माझ्या विजयामावशीचे यजमान. पस्तीस वर्षं सिंचाई खात्यात राहून त्यांनी लोकांच्या शेतांतलं पाणी मार्गी लावलं आणि स्वतःच्या अंगणातलं मात्र वेळेवर हलवलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं आहे. ते मान खाली घालून ऐकून घेतात, आणि मग मलाच वाईट वाटतं.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या त्यांच्या घरापुढे, कुंपणालगत, मावशीचा फुलझाडांचा लांब पट्टा. नैनितालला मुलीकडे गेली असताना तिनं टॉर्च लिली पाहिली: कमरेएवढ्या दांड्यावर वर केशरी, खाली पिवळा तुरा, पेटवलेल्या मशालीसारखा. येताना बियांचं पाकीटच घेऊन आली. "एकदा आपल्या दारात फुललेली बघायची," एवढंच तिचं म्हणणं.

ग्वाल्हेरच्या उन्हात हे जगायचं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मावशी कुणाचं ऐकते! मातीत वाळू आणि विटांचा चुरा कालवला, मे महिन्यात हिरवी जाळी बांधली. पानं विस्कटलेली दिसतात म्हणून काका कात्री घेऊन आले की त्यांना हाकलून लावायची. "ऊन चालेल, थंडी चालेल; बुडाशी पाणी साचलं की खेळ खलास," हे आम्ही शंभरदा ऐकलं होतं. दोन वर्षं नुसती पानंच. तिसऱ्या हिवाळ्यानंतर फुलणार, हा तिचा हिशेब.

त्याच वर्षी खांडेनवमीला अवेळी पाऊस कोसळला. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून अंगण खोलगट झालेलं. पट्ट्यात घोटाभर पाणी तुंबलं. पण काकांचं घराणं शिपाईगिरीचं. खापरपणजोबांच्या तलवारीशेजारी आता कुदळ, फावडं, खुरपंही पूजेला बसतात, आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"अहो, एक चर काढून द्या ना, बस दोन हातांचा," मावशी दारातून म्हणाली. तिचे गुडघे कामातून गेले होते.

"आज नाही. उद्या संध्याकाळी काढतो."

"फालतूची जिद्द करू नका. मुळं सडतील हो."

"एका दिवसानं काय होतंय?"

मावशी पाट घेऊन अंगणात बसली आणि वाटीनं पाणी उपसू लागली. मी तेव्हा आत श्रीखंड-पुरी खात होते. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, असं वाटलं. शेजारून कुदळ मागून आणायला मला पाच मिनिटंही लागली नसती. काकांना बोलते खरी, पण हे कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता काकांनी चर काढला. पाणी पाच मिनिटांत वाहून गेलं. रोपं हिरवीच दिसत होती. पंधरा दिवसांनी मावशीनं एक पान ओढलं, तर अख्खा गड्डा हातात आला. कुजका वास. तेराच्या तेरा रोपं गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "राहू द्या, आता परत तीन वर्षं कोण थांबणार," एवढंच बोलली आणि हात धुवायला गेली.

चैत्रात ती झोपेतच गेली.

पाकिटाच्या तळाशी थोडं बी उरलं होतं. काकांनी ते पेरलं. दर खांडेनवमीला तलवार, फावडं, कुदळ पूजेत असतात. खुरपं मात्र ते पट्ट्यातच रोवून ठेवतात. चर तर कायमचाच काढलेला आहे.

यंदा फाल्गुनात त्यांचा फोन आला, "सीमंतिनी, ये."

एकच तुरा उमलला होता. काका मावशीच्या पाटावर बसले होते. बराच वेळ आम्ही दोघं बघत राहिलो.

"तिनं मागितलं काय होतं गं?" ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरून मला लांबी दाखवली. "एवढंच ना?"