उधाणातली हजेरी

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्यातल्या बाळकुमच्या शाळेत पहिल्या सत्राचा आढावा होता. शाळा महापालिकेची. मी तिथली माजी विद्यार्थिनी, आणि आता शाळा व्यवस्थापन समितीत ‘शिक्षणप्रेमी’ म्हणून माझं नाव घातलेलं आहे. त्यामुळे पतपेढीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. पालकांमध्ये बांधकामावरचे गवंडी होते, सोसायट्यांचे वॉचमन होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. कोळीवाड्यातली माणसं मोजकीच. मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर सत्राची प्रगती दाखवली. तिसरीतली जी मुलं जूनमध्ये एकेक अक्षर जोडत वाचायची, ती आता परिच्छेद वाचतात. खो-खोच्या मुली शहराच्या फेरीपर्यंत पोचल्या. सहावीतल्या एका मुलीचे वडील नेपाळहून आलेले वॉचमन आहेत. तिनं मराठीत भाषण केलं. मध्ये एकदा अडली, छताकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य स्वतःच्या मनानं बनवून बोलली. पाठ केलेल्या भाषणापेक्षा तेच वाक्य चांगलं होतं.

शेवटी हजेरीचा तक्ता आला. जूनपासूनच्या हिरव्या पट्ट्या, जवळपास एका उंचीच्या. “हजेरी कुठंच पडलेली नाही,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात त्यामागचे कष्ट ऐकू येत होते. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या सारख्या पट्ट्यांकडे बघताना मला आमची हजेरी आठवली. आमच्या वेळी कुणी असा तक्ता काढला असता, तर महिन्यातून दोनदा तो वर चढला असता आणि दोनदा खाली आला असता.

आम्ही कोळी. माझे वडील खाडीत डोल लावायचे. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीवर उभं राहणारं लांब पिशवीसारखं जाळं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, त्याला उधाण म्हणतात. तेव्हा डोलीत मासळी लागते. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद होतं, तो भांग. भांगात होड्या बांधलेल्या असायच्या, पुरुष जाळी शिवायचे आणि आम्ही पोरं शाळेत असायचो. उधाण आलं की घरातला प्रत्येक हात बंदरावर लागायचा. जवळा निवडायचा, कोळंबी वेगळी करायची, बारक्या भावंडांना सांभाळायचं. त्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा.

आमच्या मुख्याध्यापिका डोंबिवलीहून यायच्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. पहिल्या वर्षी त्या आमच्यावर रागावल्या, घरोघर फिरल्या, आमच्या आयांना कायदा सांगितला. आया हसून म्हणायच्या, “बाय, पानी काय तुमच्या घंटेवर येतं?” पुढच्या वर्षी बाईंनी रागावणं सोडलं आणि पंचांग आणलं. आमच्या फळ्यावर वार आणि दिनांकाच्या खाली तिथी लिहिली जायला लागली, आणि तिच्यापुढे ‘उधाण’ किंवा ‘भांग’. नवीन धडा भांगात सुरू व्हायचा. उधाणात जी मुलं येतील त्यांची उजळणी. चाचण्या सगळ्या भांगात. दुसऱ्या शाळांतून बदलून आलेले शिक्षक आधी गोंधळायचे, मग त्यांनाही सवय व्हायची. एका सरांनी तर आपल्या बहिणीच्या साखरपुड्याची तारीख ऐकून, “त्या दिवशी उधाण आहे,” असं म्हटलं होतं म्हणे.

ह्या पद्धतीनं शाळा सुधारत गेली. मी सातवीत गेले तोवर चौथीच्या आणि सातवीच्या शिष्यवृत्तीला आमची मुलं बसायला लागली होती. पण शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या हायस्कूलला जायचं तर हायवे ओलांडावा लागे. आई-वडील पहाटेपासून घराबाहेर, सोबतीला कुणी नाही. त्यामुळे कोळीवाड्यातल्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या, नाहीतर आईबरोबर बाजारात. मी घरात मोठी. माझंही तेच ठरलेलं होतं. मी विषय काढला की आई म्हणायची, “सातवी झाली ना गो, बस झाला. आनखी कनाला शिकाचा?” ती वाईट मनानं म्हणायची नाही. तिला स्वतःला सहीपुरतं लिहिता येत होतं, आणि तेवढ्यावर तिचं आयुष्य अडलेलं नव्हतं.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी आठवीचा वर्ग मागितला. शाळेतच आठवी निघाली की हायवेचा प्रश्न मिटला. शिक्षण विभागाचे साहेब पहिल्या सत्राच्या शेवटी येणार, पट आणि हजेरी बघणार, मुलांचं वाचन घेणार, आणि मग अहवाल देणार. बाईंनी तपासणीसाठी नवरात्रातली अष्टमी मागून घेतली होती. ऐन भांग. सातवीच्या आम्ही मुली रोज शाळा सुटल्यावर थांबून मोठ्यानं वाचायचो. बाई खिडकीपाशी उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “घाई नको. साहेबांना कुठं जायचं नाहीये.”

अष्टमीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून निरोप आला. साहेबांना मीटिंग लागली होती, तपासणी आठ दिवस पुढे. निरोप घेऊन आलेला शिपाई चांगला माणूस होता. बाईंचा चेहरा बघून तो म्हणाला, “अहो बाई, आठवड्यानं काय बिघडतंय? उलट तयारीला वेळ मिळाला.” बाईंनी पंचांग उघडलं. आम्हाला पंचांग बघायची गरज नव्हती. अष्टमीनंतर आठवड्यानं कोजागिरी. वर्षातलं मोठं उधाण.

बाईंनी दोनदा फोन केला. तिकडून सांगितलं की साहेबांचे दिवस भरलेले आहेत. मग त्या घरोघर फिरल्या. एवढा एक दिवस मुलं पाठवा, म्हणाल्या. सगळ्यांनी मान हलवली. कोळीवाड्यात बाईंना तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती.

त्या दिवशी सकाळी मी गणवेश घातला. आई दारात टोपली घेऊन उभी. ती म्हणाली, “होरी येल आता. तुजा बा येकला काय काय करेल?” मी गणवेश उतरवला, त्याची घडी घातली आणि तिच्या मागे बंदरावर गेले. मला तिचा राग आला नव्हता. डोल भरून आली की थांबता येत नाही, हे मला कळत होतं.

दुपार व्हायच्या आधी बंदरावर एकदम कुजबूज झाली. मान वर करून बघितलं तर मोठ्या बाई चिखलातून येत होत्या. साडीच्या निऱ्या एका हातात, दुसऱ्या हातात सातवीचं पुस्तक. त्यांच्या मागे चपला हातात घेतलेले एक गृहस्थ, पँट दुमडलेली. शाळेत साहेबांना अर्धा वर्ग रिकामा दिसला होता, आणि बाईंनी त्यांना सांगितलं होतं, “उरलेला वर्ग दाखवते, चला.”

आमच्या शेजारची आजी जवळ्याच्या ढिगावरून म्हणाली, “मास्तर, कोलंबी पायजे काय?”

“आजी, मास्तर नाहीत. मोठे साहेब आहेत,” बाई म्हणाल्या.

“मंग मोठी कोलंबी दे गो त्याला,” आजी माझ्या आईला म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. साहेबही हसले. ते एका उपड्या होडक्यावर बसले. बाईंनी हाक मारली तशी आम्ही सातवीच्या मुली एकेक करून पुढे गेलो. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी पुस्तक पुढे केलं.

“हात खराब आहेत, सर,” मी म्हटलं. कोपरापर्यंत जवळा चिकटला होता.

“मी धरतो. तू वाच.”

त्यांनी पुस्तक माझ्यासमोर उघडं धरलं आणि मी वाचायला लागले. कुठला धडा होता ते आता आठवत नाही. वाऱ्यानं पान उलटायचं आणि ते अंगठ्यानं दाबून धरायचे, ते आठवतं. मी घाई केली नाही. पान संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्यात सांगितलंय काय?” मी सांगितलं. मागे टोपल्यांचा आवाज थांबलेला होता. मी वळून बघितलं नाही, पण आई बघते आहे हे मला जाणवत होतं. तिनं मला वाचताना तोवर कधी ऐकलंच नव्हतं. घरी मी मनातल्या मनात वाचायची.

जाताना साहेब बाईंना म्हणाले, “वाचन उत्तम आहे. मी तसं लिहीन. पण हजेरीही लिहावी लागेल, बाई. खोटं लिहिता येत नाही.”

“खोटं लिहू नका,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या असणार, कारण आठवीचा वर्ग त्या वर्षी मिळाला नाही. पुढच्या वर्षी मिळाला. आज शाळेत आठवी आहे आणि त्या वर्गात टॉवरच्या कामगारांच्या मुली बसतात. आढाव्याच्या दिवशी मी त्या वर्गात डोकावून आले. फळ्यावर फक्त वार आणि दिनांक होता. आता उधाण लिहायचं कारणही उरलेलं नाही. खाडीत डोल लावणारी घरं हाताच्या बोटांवर राहिली आहेत आणि मासळी त्याहून कमी. मोठ्या बाई निवृत्त होऊन डोंबिवलीतच असतात. मी पदवी घेतली तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडेच आधी गेले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं, त्यामुळे त्या कागदाला काय म्हणायचं हेही घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. बाईंनी तो वाचून दाखवला.

पण माझ्या सातवीच्या उन्हाळ्यात ह्यातलं काहीच नव्हतं. निकाल लागला, मी पहिली आले, आणि माझी शाळा संपली. मे महिन्यात एका संध्याकाळी बाई घरी आल्या. भांग होता, वडील अंगणात जाळं शिवत होते. बाईंनी चहा घेतला आणि आईला म्हणाल्या, “आठवी नाही मिळाली. माझ्याकडून झालं नाही.”

आईला हे ऐकवेना. ती म्हणाली, “बाय, तुमी चिखलात आल्या त्या दिवशी. आनखी काय कराचा होता तुमी?”

वडिलांनी जाळ्यावरून मान न उचलता विचारलं, “कोपरीला हायस्कूल हाय ना?”

कोपरी म्हणजे ठाण्याच्या पार दुसऱ्या बाजूला, स्टेशनच्या पलीकडे. तिथल्या बाजारात आई रोज मासळी विकायला बसायची, भांगात घाऊक विकत घेतलेली. आमच्या कोळणींचा टेम्पो दुपारच्या आधी जाऊन संध्याकाळी परत यायचा. हायवेपलीकडचं जवळचं हायस्कूल सगळ्यांच्या डोक्यात होतं, म्हणून लांबचं कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी सांगितलं की तिथं आठवी दुपारची असते. म्हणजे सकाळी बंदरावरचं काम उरकून निघता येईल.

आईनं माझ्याकडे बघितलं. “टेंपोत मासलीत बसाला लागेल. कपऱ्याना वास येल. पोरी हसतील तुला.”

“हसू दे,” मी म्हटलं.

“रराचा नाय मंग.”

“नाही रडणार.”

जूनमध्ये मी कोपरीला जायला लागले. मुली हसल्या. दोघी-तिघींनी बाक बदलला. मी एकदा रडले, पण शाळेच्या नळावर, तोंड धुताना, म्हणजे आईला कळलं नाही. पहिल्या चाचणीपर्यंत एक मुलगी माझ्या बाकावर येऊन बसली, कारण तिला गणित येत नव्हतं आणि मला येत होतं.

शाळा सुटली की मी बाजारात जायची. आईच्या मागे बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसून घरचा अभ्यास करायची. आई गिऱ्हाइकांशी वेगळं बोलायची, आमच्या घरातल्यासारखं नाही. ताई, दादा, घ्या, बघा. एका संध्याकाळी तिची नेहमीची एक गिऱ्हाईक बाई कोळंबी घेता घेता माझ्याकडे बघून म्हणाली, “ही कोण गं? मदतीला ठेवलीस का?”

आईनं कोळंबी पिशवीत घातली, वर दोन जास्त टाकल्या, आणि म्हणाली, “मुलगी आहे माझी. आठवीत आहे.”

गिऱ्हाइकानं वर्ग विचारला नव्हता.