रॅकेटींना लागलेला घुण

माझ्या घरात एक्केचाळीस टेनिस रॅकेटी आहेत. सगळ्या जुन्या, सगळ्या लाकडाच्या. कोणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मग काय करता हो त्यांचं?" खेळते, दुसरं काय करणार? लोणचं घालायला तर आणल्या नाहीत. मी यवतमाळात शाळेत शिकवते, वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरतात, आणि तरी रोज सकाळी सहाला मी कोर्टावर असते. समोर माझे बाबा असायचे.

बाबा अधिकाऱ्यांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे मुरमाच्या कोर्टावर पाणी शिंपायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या, आणि साहेबांना जोडीदार कमी पडला की स्वतः खेळायला उभं राहायचं. खेळायचं चांगलं आणि हरायचं थोडक्यात. हे त्यांनी तीस वर्षं केलं. रॅकेट विणायचं कामही त्यांचंच. एक टोचा, एक पक्कड आणि जाळीची तात घेऊन ते ओसरीत बसत, आणि विणून झालं की तळहातावर ठोकून आवाज ऐकत. ती तात जनावराच्या आतड्याची असते हे कळलं त्या दिवसापासून आईनं रॅकेटींना घराच्या आत येऊ दिलं नाही. त्या बाहेरच खुंटीला टांगलेल्या असायच्या.

निवृत्त झाल्यावर बाबा दारव्ह्याला माझ्या भावाकडे राहत. मग दोन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. तेही शिक्षकच. शाळेतून आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत गेले. त्या दिवशी बाबा माझ्याकडे आले ते कायमचेच. सोबत कपड्यांची पिशवी आणि एक रॅकेट. रॅकेट वाकू नये म्हणून तिला चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवतात, तशी आवळलेली.

नाद मला तेव्हा लागला. घर खायला उठायचं. मग मी कबाड्यांकडे जायला लागले, जुन्या साहेबांच्या घरी फोन करायला लागले, "अडगळीत एखादी पडली असेल तर बघा हो" म्हणून. मिळत गेल्या. कुणाची मूठ उखडलेली, कुणाची तात उंदरांनी खाल्लेली. बाबा कपाळाला हात लावत. "कायले कबाड जमा करून राह्यली बाप्पा!" पण दुसऱ्या दिवशी टोचा घेऊन तेच बसलेले दिसत. मधल्या खोलीत मी भिंतभर खिळे ठोकले. दुपारी जेवण झालं की बाबा त्या खोलीतल्या पलंगावर आडवे होत.

सकाळचं खेळणं म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, हृदयात एक स्टेंट. लाकडी रॅकेट जड, तिचं तोंड एवढंसं, बरोबर मधोमध बसला तरच चेंडू जातो. नवीन रॅकेटी चुका पोटात घालतात, ही घालत नाही. बाबांना फार धावायला लागू नये म्हणून मी मुद्दाम चेंडू त्यांच्या हाताशी टाकायचे. ते भडकत. "मी काय लहान लेकरू हाये? नीट मार!" मी नीट मारायचे आणि ते पोचेपर्यंत श्वास धरून उभी राहायचे. ते पडले तर काय, कोणाला फोन करायचा, ऑटो कुठं मिळेल, हे सगळं मी रोज मनात म्हणून ठेवायचे. एक माणूस चहा होईपर्यंत जातो हे मी पाहिलं होतं, त्यामुळे मला कशाचाच भरवसा वाटत नव्हता.

आणि मग रॅकेटींना घुण लागला.

आधी फरशीवर पिठासारखा भुसा दिसला. मला वाटलं भिंतीचा चुना. झाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एकेक रॅकेट उतरवून पाहिली तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, सात-आठ रॅकेटींना. बाबांच्या रॅकेटीलाही, अगदी गळ्यापाशी. बाबांनी रॉकेलचा बोळा फिरवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. महिनाभर घराला रॉकेलचा वास मारत होता आणि घुण मजेत होता. कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो असं मला वाटायला लागलं. येत नसेलही. पण मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि तो आवाज ऐकायचे.

गव्हात ठेवायच्या गोळ्या आमच्याकडे घरोघरी असतात. वर्षाचा गहू कोठीत भरला की दोन गोळ्या फडक्यात बांधून आत टाकायच्या, झाकण लावायचं, कीड मरते. त्यांचा गॅस होतो. माझ्याकडेही पाकीट होतं, वरच्या फळीवर, जुन्या कुकरात लपवलेलं. लपवलेलं, कारण आमच्या जिल्ह्यात त्या गोळ्यांचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. कोणाच्या घरी काय झालं हे सांगताना बायका नुसतं "गोळ्या" म्हणतात आणि गप्प होतात.

मी म्हटलं, गव्हातली कीड मरते तर लाकडातली का मरणार नाही? झाली माझी अक्कल! बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी पाकीट हिसकावून घेतलं असतं, म्हणून सांगितलं नाही. भाच्याच्या साखरपुड्याला ते चार दिवस दारव्ह्याला जाणार होते. मी त्याचीच वाट पाहत बसले. मला सुट्टी नाही असं खोटं सांगून घरी राहिले.

शनिवारी ते गेले. रविवारी सकाळी मी मोबाइलच्या उजेडात एकेक भोक तपासलं, ओट्यावर पाकीट फाडलं, गोळ्या बशीत काढून बशी खोलीत ठेवली, खिडकी लावली, दार ओढलं आणि दाराच्या सगळ्या फटींना खाकी चिकटपट्टी लावली. शेजारच्या काकूंना म्हटलं, "दोन रात्री तुमच्याकडे झोपाले येते." दारावर कागद लावावा असं मनात आलं होतं. पण घरात मी एकटी, कागद कोणासाठी लावायचा? मग हात साबणानं धुतले, आणि तेव्हा लक्षात आलं की मोबाइल आत खिडकीतच राहिला. आता दार उघडायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं राहू दे. कॅनव्हासचे बूट घातले, बरी असलेली एक रॅकेट घेतली आणि कोर्टावर भिंतीशी खेळायला गेले. घराच्या दाराला लॅच आहे, ओढलं की लागतं.

दोन-अडीच तास खेळले असेन. मन लागत नव्हतं. सारखं वाटत होतं की काहीतरी चुकलंय, पट्टी नीट बसली नसेल, गॅस काकूंकडे गेला तर? त्यांच्याकडे लहान नात आहे. मी अर्ध्यात खेळ टाकला आणि जवळजवळ पळतच घरी आले.

फाटक उघडं होतं. अंगणात नळापाशी बाबा बसले होते, भिंतीला टेकून, सदरा ओकारीनं भरलेला, ओठ पांढरेफटक. मागं घराचं दार सताड उघडं आणि आतून लसूण कुजल्यासारखा वास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात उचलायला गेले आणि तो तसाच मांडीवर पडला. मी किंचाळले एवढं आठवतं. काकू कधी आल्या, ऑटो कोणी आणला, मला माहीत नाही. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. प्रत्येक श्वास मोजत होते. दोन श्वासांमध्ये जरा वेळ गेला की बोट आणखी जवळ न्यायचे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "काय घेतलं यांनी?"

"घेतलं नाही. घरात गॅस होता. गव्हाच्या गोळ्यांचा."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "घरात काही झालं होतं का?"

"काही नाही झालं."

"ताई, खरं सांगा. किती गोळ्या घेतल्या ते कळलं पाहिजे."

मी शपथा घेतल्या. मग पोलीस आला, अशी केस आली की यावंच लागतं त्याला. त्यानंही तेच विचारलं. वादावादी? म्हाताऱ्याला काही त्रास? मी म्हटलं, "गोळ्या मी ठेवल्या होत्या. रॅकेटींसाठी."

"कशासाठी?"

"टेनिसच्या रॅकेटींसाठी. घुण लागला होता त्यांना."

त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण त्यानं काही लिहिलं नाही. नर्सनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून टोचते. तिला वाटलं असणार, बापाला छळलं असेल हिनं.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याला उतारा नाही. गॅस किती गेलाय ते सांगता येत नाही. हृदयावर परिणाम होतो, आणि यांना आधीच स्टेंट आहे. दोन दिवस जाऊ द्या, मग बोलू."

ते दोन दिवस मी बाकावर काढले. भाऊ दारव्ह्याहून आला, मला काही बोलला नाही, डबा ठेवून खाली जाऊन बसला. बोलला असता तर बरं झालं असतं. यंत्रावरची हिरवी रेघ नागमोडी जायची आणि मी तिच्याकडे टक लावून बसायचे. देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगायला लाज वाटते. सगळ्या रॅकेटी चुलीत घालीन हे त्यातलं सर्वांत सोपं होतं.

भीती होती, आणि भीतीच्या खाली राग होता. राग बाबांचाच. चार दिवसांसाठी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतोच कशाला? बरं आले तर आले, पट्टी लावलेलं दार दिसत नाही? वास येत नाही? मला पक्कं ठाऊक होतं काय झालं असणार ते. रॅकेटी आत कोंडलेल्या पाहिल्या आणि जीव राहिला नाही. स्वतःच्या जिवापेक्षा लाकूड प्यारं!

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. बाबांना बसवलं, अर्धा कप चहा दिला. कप त्यांनी स्वतःच धरला. मी पाहिलं, आणि दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"बाबा, काहून गेलते तुमी आत? दार चिकटवलेलं दिसलं नाही? त्या मेल्या रॅकेटींसाठी जीव देत होते का? मी काय केलं असतं मंग? सांगा ना, काय केलं असतं मी?"

वॉर्डातले लोक वळून पाहायला लागले. बाबांनी चहाचा घोट घेतला.

"रॅकेटीसाठी कोण गेलतं?"

"मंग?"

"शनवारी रात्री फोनवर तुहा आवाज मले बरा नाई वाटला. सकाळी फोन लावला. उचलला नाई. तीनदा लावला. तं बसलो एसटीत." ते थांबले, श्वास घेतला. "घरी आलो. तुह्या चपला दारात. माह्याजवळच्या किल्लीनं दार खोललं. ओट्यावर गोळ्यायचं पाकीट, फाडलेलं. तुले आवाज देल्ला. मंग पुन्हा फोन लावला, तं तो त्या खोलीत वाजला."

दारातले माझे बूट गेलेत हे त्यांना दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं?

"जावई गेले त्याले दोन वर्षं झाले," बाबा म्हणाले. "तू मोरीत जराक जास्त वेळ लावला तरी मी दारापाशी येऊन उभा राह्यतो. पाण्याचा आवाज आला की मंग जातो."

"बाबा..."

"पट्टी फाडली. आत पाह्यलं. पलंगाखाली पाह्यलं, कपाटामांगं पाह्यलं. तू नवती." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "इतकं बरं वाटलं पोरी, पायच गेले माहे. तं मंग तिथंच बसून राह्यलो थोडा वेळ."