बर्फातल्या हरणाला हात लावला तेव्हा

आमच्या घरात अंडं शिरत नाही. केक आणला तर डब्यावरचा हिरवा ठिपका आधी मी पाहते, मग आमचे हे पाहतात, आणि दोघांनाही दिसला तरच डबा उघडतो. आमच्याकडे भाजीसुद्धा कापत नाहीत, 'सुधारतात'. सासूबाईंनी लावलेली सवय. कोहळं तर बाईनं फोडायचंच नाही, पहिला घाव पुरुषाचा. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, "काऊन जी?" तर म्हणाल्या, "कोहळ्यात जीव असते, बळीवानी." झालं. तेव्हापासून पंचवीस वर्षं मी कोहळं पिशवीत घालून दुकानात नेते, हे गिऱ्हाईक बाजूला ठेवून एक घाव घालतात, आणि बाकीचं मी घरी येऊन उरकते.

दुकान कशाचं, तर चपला-बुटांचं. पुलगावच्या मेन रोडवर. चामड्याच्या चपला, दारूगोळ्याच्या डेपोत कामाला जाणाऱ्यांचे काळे बूट, लग्नसराईत मोजड्या. घरात अंडं नाही आणि दुकानात भिंतभर चामडं, हे दोन्ही एकाच संसारात कसं बसतं हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता. खरं सांगते, एकदाही नाही. तो पडला मागच्या वर्षी, दिवाळीनंतर, आणि तोही कॉम्प्युटरवरच्या खेळामुळे.

आमची एकुलती एक मुलगी सावंगीला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षं घासून, एकदा नापास होऊन, दुसऱ्यांदा नंबर लागला तिचा. पेढे वाटताना मी रडले होते. आणि ही बाई दीड महिन्यानं, एका गुरुवारी, गादीसकट सगळं सामान घेऊन दारात उभी! म्हणे, "मी परत जाणार नाई."

काऊन? तर गादी घेऊन आत. जेव, तर जेवली. झोप, तर झोपली. काय झालं, तर भिंतीकडे तोंड.

ह्यांनी मात्र लगेच निकाल लावून टाकला. "मढं पाह्यलं न पोट्टीनं. आपल्या घरातली लेक, मढं कापन का? मी म्हणतच होतो. सोमवारी जातो अन् नाव काढून आणतो." बोलता बोलता त्यांना हायसं वाटून राह्यलं होतं, ते मला दिसत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं म्हणाल तर मलाही तसंच वाटत होतं. ज्या घरात भाजी कापत नाहीत, त्या घरची पोट्टी माणूस कसं कापणार? घाबरली असेल, बिचारी. सोमवार यायला चार दिवस होते.

ते चार दिवस ती लॅपटॉप मांडीवर घेऊन एक खेळ खेळत बसली. मी दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडायला गेले आणि पडद्यावर नजर गेली तर सगळीकडे बर्फ. माणूस नाही काणूस नाही. जंगलात आपण एकटे, थंडी, थकवा, तहान आणि भूक, या चार गोष्टींची चार चक्रं खाली फिरत राहतात, आणि चारांतलं एक जरी रिकामं पडून राहिलं की हळूहळू माणूस मरतो. बस, एवढाच खेळ. शत्रू नाही, बंदूकबाजी नाही. जगून दाखवायचं.

हिचं भुकेचं चक्र तळाला गेलेलं. आणि पायाशी एक मेलेलं हरण पडलेलं, लांडग्यांनी टाकून दिलेलं. ही त्याच्याकडे पाहत होती आणि काही करत नव्हती. मग पडदा काळा झाला. मेली.

"हे काय वं?" मी म्हटलं.

"चौथा दिवस," ती म्हणाली. "दरवेळी चौथ्याच दिवशी मरते. झुडपावरची फळं अन् पाण्यातलं कायतरी गवत खाऊन एवढंच होते."

"अन् ते हरण?"

"त्याले मी हात नाई लावत."

बाप्पा! खेळातसुद्धा? मला वाटलं, पाहा, किती भीती बसली आहे पोरीला. आणि त्याच वेळी, आता लपवून काय करू, मला उत्सुकता लागली. हात लावला तर होतं काय?

शुक्रवारी दुपारी हे जेवून आडवे झाले तेव्हा मी म्हटलं, "सरक इकडे, मले शिकव." दुकानाचं बिलिंग मीच करते, त्यामुळे माऊस काही नवा नव्हता. तरी पहिल्या फटक्यात मी कड्यावरून खाली गेले. दुसऱ्या डावात एक मोडकं घर सापडलं, आत टीनचे डबे. मी डबा हातात घेऊन गरगर फिरवू लागले.

"आई, काय करून राह्यली?"

"हिरवा ठिपका कुठी हाय ते पाहून राह्यली."

घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली ती. पण लगेच तोंड असं मिटलं की जणू हसणं हाच गुन्हा. ते मी पाहिलं, पण अर्थ लागला नाही.

मग हरण आलंच वाट्याला. तसंच, बर्फात कलंडलेलं. मी बटण दाबलं तर यादी उघडली. मांस किती किलो, कातडं, आतडी. शेजारी विचारणा: हातानं की सुरीनं? आणि वेळ लिहिलेली. हातानं केलं तर दुप्पट वेळ, आणि तेवढ्या वेळात थंडीचं चक्र खाली खाली.

"मांस नको," मी म्हटलं. "फक्त कातडं घेऊ. बूट तं आपण घालतोच ना."

"आधी आग पेटव," ती पटकन म्हणाली. "गोठलेलं हाय ते. सुरी चालणार नाई. अन् वाऱ्याची बाजू पाह्य, नाई तं आग विझन."

एकदाही हात न लावणाऱ्या पोरीला हे सगळं कसं माहीत? मी आग पेटवली. सुरी निवडली. आमच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्यापासून सात-आठ हातांवर, भर दुपारी मी आयुष्यातला पहिला घाव घातला. एक गोल हळूहळू भरत गेला, ओलं काहीतरी फाटल्यासारखा आवाज येत राहिला. आता सांगायला हरकत नाही, मला किळस आली नाही. मला वाटलं, हा गोल दाखवण्यापेक्षा आत दाखवा ना! सुरी कुठून घालतात? पोटाकडून की पायाकडून? कातडं मांसाला कशानं चिकटलेलं असतं?

कातडं मिळालं, तर ते लगेच कामाचं नाही. घरात नेऊन जमिनीवर पसरायचं आणि दिवसचे दिवस सुकू द्यायचं. आतडी पण सुकवायची, त्यांचा दोरा होतो, त्या दोऱ्यानं बूट शिवायचे. पंचवीस वर्षं बूट विकून राह्यली मी, आणि दोरा, कातडं, दिवस, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. हे उठले तशी मी विचारलं, "अवो, खरं चामडं किती दिवस सुकवतात?"

"मले काय मालूम? आग्र्याहून डब्यात येते."

रविवारपर्यंत मी खेळात नऊ दिवस जगले. शेवटी मांसही घेतलं, हो, घेतलं आणि शिजवून खाल्लं, पडद्यावर. सासूबाई असत्या तर मला गोमूत्रानं आंघोळ घातली असती. लेक बाजूला बसून सांगत होती, लांडगा वास घेत येईल, मांस जवळ बाळगू नको, पुरून ठेव. आमचं दोघींचं मस्त जमलं होतं. एका हरणावर सुरी चालवताना मी आपल्याच तंद्रीत बोलून गेले, "अव माय, काय मजा येऊन राह्यली मले!"

तर पोट्टी ढसाढसा रडायला लागली.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. पाठीवर हात फिरवत राहिले. मग ती बोलली.

"आई, तुमाले वाटते मी घाबरली. मी नाई घाबरली. मले काईच नाई झालं. आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई हाय. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांले तिच्यासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली, मान ठेवू म्हणून. मी पण घेतली. अन् मागच्या बुधवारी हात कापायचं सुरू होतं. इथं मनगटाच्या वर आत पांढऱ्या दोऱ्या असतात. मी चिमट्यानं एक दोरी ओढली, तं तिचं बोट वाकलं. आई, बोलावल्यावानी वाकलं! एक पोट्टी किंचाळली, एक बाहेर पळाली. अन् मी हसली. मोठ्यानं. मले इतकं भारी वाटलं, इतकं भारी, मी आणखी एकदा ओढली. मंग मेसमध्ये जाऊन नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अन् मंग खोलीत ध्यानात आलं, ते कोणाच्या आजीचं बोट होतं. कोणाच्या आईचं. आपल्या घरात भाजी कापत नाई, अन् मी मेलेल्या बाईचं बोट हलवून हसली. मी राक्षस हाव का, आई? खेळात पाहून राह्यली होती, मी न कापता राहू शकते का म्हणून."

चार दिवस आम्ही दोघं हिला भित्री समजून कुरवाळत होतो, आणि ही बिचारी स्वतःला घाबरून घरी आली होती. ह्यांना सोमवारी नाव काढायचं होतं, एका हसण्यापायी!

"ऐक," मी म्हटलं. "लहान लेकरू पहिल्यांदा बटण दाबते, दिवा लागते, तं ते हसते का नाई? दिव्याले हसते का ते?"

तिनं मान हलवली. पण पटलेलं दिसलं नाही. पोरी आईच्या बोलण्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवत नाहीत. मग मी तेच केलं जे मला खरंच करावंसं वाटत होतं. हात पुढे केला, बांगड्या वर सारल्या आणि म्हटलं, "कोणती दोरी? दाखव मले."

ती माझ्या मनगटाकडे पाहायला लागली.

"दाखव ना वं! तीन दिवसांपासून पाहून राह्यली मी, हे मशीन गोल फिरवते अन् आतलं काई दाखवत नाई. तुले मालूम हाय तं सांग."

तिनं नाक पुसलं. माझं मनगट आपल्या मांडीवर घेतलं. "मूठ वळ. आता मनगट जरा वर उचल. ही पाह्य, मधली. ही काई लोकांले नसतेच, तुले हाय. आता फक्त हे बोट हलव." आणि कोपराच्या खाली, भलतीकडेच, कातडीखाली काहीतरी सळसळलं. माझंच! अठ्ठेचाळीस वर्षं तिथंच होतं ते. बोट इकडे आणि ओढणारा तिकडे, एवढ्या लांब? मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. सांगता सांगता तिचा आवाज परत आला, परीक्षेआधी पाठ म्हणून दाखवायची तेव्हाचा. हे दारात येऊन उभे राहिले, आमच्याकडे पाहिलं, आणि परत गेले.

संध्याकाळी तिनं स्वतःच गादी गुंडाळली. ह्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "मढ्याची भीती गेली काय तिची?"

"भीती होतीच कुठी?" मी म्हटलं. "हुशार हाय तुमची लेक. सोमवारी नाव नाई काढायचं, पोट्टीले गाडीवर सोडून द्यायचं."

सोमवारी सोडायला मीच गेले. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर ती म्हणाली, "अन् आई, मले पुन्हा हसू आलं तं?"

"येऊ दे," मी म्हटलं. "फक्त आधी त्या आजीले माझा नमस्कार सांगजो. म्हणजो, माझ्या आईनं सांगतला. तुमच्या हातानं तिची लेक शिकून राह्यली, म्हणून सांगतला."

बस गेली. दिवसभर माझं दुकानात लक्ष नव्हतं. सात नंबरचा बूट मागितला तर मी नऊ काढून दिला. संध्याकाळी एका बाईच्या पायात चप्पल घालून पाहत होते तेवढ्यात फोन वाजला.

"आई, सांगितला नमस्कार."

"कसा?"

"हळूच. कानाजवळ जाऊन. कोणाले ऐकू नाई आला. अन् आई, आज अंगठ्याची दोरी सापडली मले."

आणि ती हसली. न घाबरता, पूर्ण हसली. बाई एका पायावर ताटकळत उभी होती, हे गल्ल्यावरून खुणावत होते. मी फोन कानाला घट्ट धरला आणि म्हटलं, "थांब, असं नाई. पहिल्यापासून सांग. कुठून सुरू केलं?"