शेवट न ठरवता सुरू केलेलं भाषण

शुक्रवारी इथे दोह्यात, बिन महमूद भागातल्या एका छोट्या हॉलमध्ये माझी लेक मराठीत बोलली... स्टेजवर, माइक हातात धरून, सगळ्यांसमोर. माझा अजून विश्वास बसत नाहीये, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

ओळखत नसाल तर सांगते... इरा तेरा वर्षांची, जन्म दोह्यातला, शाळा इंग्लिश मीडियम. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी "जेवायला ये" म्हणते, ती "कमिंग" म्हणते, आणि आमचं बरं चाललेलं असतं.

पण सध्या माझी आई सिन्नरहून आलीये. मध्यंतरी ती फोनवर मावशीला सांगत होती, "नात गुणाची हाये गं, पण बोलायचं काय तिच्याशी? ती हसती, मी हसती." आणि आईचं परतीचं तिकीट याच आठवड्यातलं आहे.

त्यात इथल्या मराठी मंडळाची मुलांची वक्तृत्व स्पर्धा जाहीर झाली. विषय 'माझे आदर्श', आणि बोलायचं मराठीतच. मी इराला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते सांगत नाही, पण शेवटी बाईसाहेब तयार झाल्या... एका अटीवर. बोलेन तर माझ्या स्टुडिओवरच बोलेन.

'माझा स्टुडिओ' म्हणजे जपानमधला एक अॅनिमेशन स्टुडिओ. तिच्या खोलीच्या भिंती त्याच्या चित्रांनी भरल्यात. त्याचा इतिहास, तो काढणारी माणसं, त्यांची भांडणं... सगळं तिला तोंडपाठ. मला मात्र इतकी वर्षं कार्टून ते कार्टूनच वाटायचं.

आता माझा स्वभाव सांगते. मी प्लॅनिंग इंजिनिअर, गॅस प्लांटच्या कामांची वेळापत्रकं बनवते. आमच्यात आधी शेवटची तारीख ठरते, मग मागे मागे येत सुरुवात. त्यामुळे मी रात्रीत झकास भाषण लिहिलं... 'अध्यक्ष महोदय, वंदनीय गुरुजन वर्ग' वगैरे. इराला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत.

तिने ते वाचलं आणि परत दिलं. म्हणाली की तिच्या स्टुडिओचा दिग्दर्शक गोष्ट चित्रांमध्ये मांडत जातो, आणि त्याचा अर्धा भाग झाला की बाकीचे चित्रकार कामाला लागतातही. शेवट काय, हे तेव्हा त्याचं त्यालाही माहीत नसतं... "सो आय विल ऑल्सो स्टार्ट लाइक दॅट." म्हटलं, बाळा, असं काम आमच्याकडे पहिल्याच मीटिंगमध्ये खलास होईल. तिने खांदे उडवले.

शुक्रवार उजाडला. आधीच्या मुलांनी घडाघडा पाठ केलेली भाषणं म्हटली. खाली बसलेल्या त्यांच्या आयांचे ओठही बरोबरीने हलत होते. मीही माझी दोन पानं पर्समध्ये तयार ठेवली होती... न जाणो.

इरा माइकसमोर आली. अध्यक्ष नाहीत, महोदय नाहीत... एकदम "दोन मित्र होते. एक खूप स्लो, एक खूप रागीट." हॉल हसला. तिला धीर आला.

मग ती सांगतच सुटली. दोघं एका मोठ्या कंपनीत कार्टून सिनेमे बनवायचे. स्लो मित्राने पहिला सिनेमा करायला इतका वेळ लावला की साहेब लोक वैतागले. पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि ठरवलं की एक सिनेमा पडला की स्टुडिओ बंद. "पण नाही पडला. मग परत एक केला. मग परत भांडण." मधे मधे इंग्लिश शब्द येत होते, परीक्षक कपाळाला आठ्या घालून लिहीत होत्या... पण तिच्यावरून नजर काढायला कोणीच तयार नव्हतं, परीक्षकबाईसुद्धा.

"मग स्लो मित्र..." एवढं म्हणाली आणि थांबली. तिची नजर छताकडे गेली. पानं काढून मी उठलेच... तर शेजारून आईने माझी ओढणी ओढली. "खाली बस. येतंय तिचं तिला."

बसले.

"मग स्लो मित्र गेला," इरा म्हणाली. "रागीट मित्र खूप रडला. तो सारखा सांगतो, आता मी रिटायर. आणि मग परत टेबलवर बसतो. आता भांडायला कोणी नाही. पण तो काढतो. मला वाटतं... तो अजून त्यालाच दाखवतो." मग जरा विचार करून, "झालं."

मग ज्या टाळ्या सुरू झाल्या... माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ उभे राहून वाजवत होते. आई पदराने डोळे पुसत होती. मी तर चक्क शिट्टी वाजवली, सिन्नरच्या शाळेनंतर पहिल्यांदा.

बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. इंग्लिश शब्दांचे मार्क कापले म्हणे. कापा खुशाल.

पण खरी गंमत गाडीत झाली. मागच्या सीटवर आई नातीला म्हणाली, "ए इरा, पण त्यांची भांडणं व्हायची तरी कशापायी?" आणि इरा सुरू झाली... मराठीत. चुकत, अडखळत, हातवारे करत. आई मधेच "आगं बाई, मग?" म्हणायची, की ही अजून रंगात. मी एकही शब्द सुधारला नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ओळखणारे ओळखतील.

अल दुहैलला घराखाली गाडी लावली तरी दोघी उतरेनात. गोष्ट ऐन भांडणात आली होती. मी एसी चालू ठेवला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसले.

त्या दोन मित्रांना ना सिन्नर माहीत, ना मी. पण माझ्या आईला तिची नात त्यांनी मिळवून दिली... त्यांना इथल्या भाषेत धन्यवाद, शुक्रन.