शिपाई छाप गूळ

कडेगावात बनुबाईच्या गुऱ्हाळाला लोक 'बाईचं चुलवण' म्हणायचे आणि वर तोंड लपवून हसायचे. हसणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तिचा थोरला दीर लालासाहेब. बनुबाईचा नवरा हंबीरराव पलटणीबरोबर लढाईला इटलीत गेला, तो तिकडंच कामी आला. आता बाईनं आपल्या वाटणीचा ऊस मुकाट्यानं दिराच्या हवाली करावा, अशी भावकीची अपेक्षा. बनुबाईनं पदर खोचला आणि रस आटवायला स्वतःची काहील चढवली.

गूळ असा उतरायचा की बघत राहावं, पिवळाधमक. पण सांगलीला गाडी न्यायची लालासाहेबानं. तिथं अडतीत पोचेपर्यंत चांगल्या ढेपा त्याच्या व्हायच्या आणि त्याच्या काळ्या तेवढ्या बाईच्या! शिवाय हा गडी गावभर सांगत फिरायचा, "बायकांचं काम न्हवं ते." चोर तो चोर, वर शहाणपण शिकवणार.

लढाई संपल्यावर हंबीररावाचा सोबती कृष्णात घरी आला आणि त्यानं बनुबाईच्या हातावर एक खडा ठेवला. तांबूस, नखाएवढा. त्यावर लोखंडी टोप घातलेल्या माणसाचं तोंड आत खोल कोरलेलं. तिकडं तोफेनं पडलेल्या एका घरातून हंबीररावानं एका म्हाताऱ्याला खांद्यावर घालून बाहेर काढलं होतं. म्हाताऱ्यानं जन्मभर असले जुने खडे जमवलेले. सगळे मातीत गेले, मुठीत हा एक राहिला, तो त्यानं हंबीररावाच्या हातात कोंबला.

"मला म्हनला, बनूला दे," कृष्णात म्हणाला.

दुसरी कुणी असती तर तिनं खडा देव्हाऱ्यात ठेवून रोज डोळे पुसले असते. बनुबाईही रडली, पोटभर रडली. मग निवत आलेल्या ढेपेवर तिनं तेलात बुडवलेला खडा अंगठ्यानं दाबला. गुळावर टोपवाला शिपाई उठला. त्या दिवसापासून तिची एकही ढेप शिपायाशिवाय गाडीत चढली नाही. सांगलीचा अडत्या बाळगोंडा गिऱ्हाइकांना ओरडून सांगू लागला, "शिपाई छाप घ्या, कडेगावच्या बनुबाईचा!" लालासाहेबाला आता ढेपा बदलता येईनात. मनातून तो नुसता धुमसत होता.

आणि एके दिवशी त्याला त्याचा देव पावला. सांगलीचे एक रावसाहेब, पेन्शनीत निघालेले, जुन्या वस्तू जमवायचा भारी शौक. घरी आलेल्या गुळावरचा शिपाई बघून त्यांची झोप उडाली. मोटार घेऊन ते थेट गुऱ्हाळावर आले. खडा हातात घेऊन भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिले.

"बाई, हा रोमन लोकांचा युद्धदेव आहे. दोन हजार वर्षांचा! आणि अंगावर साधा तडा नाही. तडा असता तर मी मोटारीतून उतरलोसुद्धा नसतो. याची जागा कपाटात, मखमलीवर. गुळात कसला बरबटता? मला विकत द्या."

"त्यो कामावर हाय," बनुबाई म्हणाली. "मी न्हाई देत."

"तुला कोन इचारतंय?" मोटारीमागं धावत आलेला लालासाहेब मध्ये पडला. "भावाची वस्तू म्हंजी घराण्याची. घराण्यात थोरला मी. रावसाहेब, तुमी खुशाल न्या."

रावसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि खडा त्यात ठेवला. बनुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. खडा गेला की शिपाई गेला, आणि शिपाई गेला की तिचा गूळ पुन्हा दिराचा. नवऱ्यानं मरतामरता तिच्या नावानं धाडलेली वस्तू हे दोघं तिच्यादेखत वाटून घेत होते!

तिनं रुमालावर झडप घातली आणि खडा रटरटत्या काहिलीत फेकला.

"अहो, तडा जाईल!" रावसाहेब किंचाळले.

"जाऊ दे की."

काहिलीजवळ जायची कुणाची छाती होईना. बनुबाईनं नेहमीसारखी मळी काढली, पाक बघितला, गड्यांकडून काहील गूळ निववायच्या वाफ्यात ओतून घेतली. सावकाश, घाई न करता. रावसाहेब उसाच्या मोळीवर बसून घाम पुसत होते. घोटता घोटता तळाशी खडा लागला. तिनं तो पाण्यात धुऊन त्यांच्यापुढं धरला.

शिपायाच्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक बारीक तडा गेला होता.

रावसाहेबांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग खडा हळूच तिच्या तळहातावर ठेवून ते मोटारीकडं चालू लागले.

"वाटूळं केलंस, बाई!" लालासाहेब ओरडला. "आता कोन घेनार त्यो?"

"कोनच न्हाई," बनुबाई म्हणाली. "त्यापायीच तर टाकला."

तिनं खडा तेलात बुडवला आणि ताज्या ढेपेवर जोर देऊन दाबला. शिपाई उठला, गालावर वार घेऊन.

"बगत काय उभं ऱ्हायलाय, भावजी? गाडी जुंपा. आमाला सांगलीला जायाचं हाय."