पडद्यामागचा उजवा हात

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर आज माझ्या हातून ऑफिसचं एकही पत्र सरळ टाइप होणार नाही. साहेब जेवायला गेलेत, मी मशीनवर कोरा कागद चढवलाय आणि बोटं नुसती पळतायत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. तर, बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या समुद्रापर्यंत, मधली सगळी गावं धरून, जुन्या इंग्रजी सिनेमातला जोडीचा नाच ज्याला खरोखर कळतो असा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. पालघर धरा हवं तर. मुंबईसुद्धा धरा, मला काय! अडचण एवढीच की त्या माणसाला तो नाच येत नव्हता. म्हणजे येत होता, पूर्ण येत होता, पण... नको, पहिल्यापासूनच सांगते.

हे आमचे डायवाले काका. डाय म्हणजे सोनाराचा साचा. पोलादाच्या ठोकळ्यात बारीक छिन्नीने नक्षी कोरायची, त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की फूल उठतं, मोर उठतो. गंमत अशी की कोरायचं सगळं उलटं, तेव्हा दागिन्यात सुलटं येतं. काका वयाच्या चौदाव्या वर्षापासून उलटं कोरतायत. देवनागरी म्हणू नका, गुजराती म्हणू नका, कुणाच्याही मुलीचं नाव अंगठीसाठी असं झरझर उलटं कोरतात की बघणाऱ्याला वाटावं आपणच शाळेत चुकीचं शिकलो. एकदा मी पालघरला टायपिंगच्या क्लासला होते तेव्हा काका काही कामाने तिथे आले. सगळ्या मशिनी बघितल्या आणि माझ्या मशीनमध्ये डोकं घालून, दांड्यांच्या टोकांवर जी चिमुकली उलटी अक्षरं असतात ना, ती वाचायला लागले. घडाघडा! आमच्या सरांनी विचारलं, "काका, कागदावरचं वाचा की." तर म्हणाले, "कागदावरचं पन वाचतो, पन हे जरा सरळ वाटतं."

हे लक्षात ठेवा. मी मुद्दाम आधी सांगितलंय.

आता नाच. आमच्या गावालगतच्या कॉलनीच्या मैदानावर एका हौशी मंडळाचा शनिवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेला पांढरा कापडी पडदा, समोर खुर्च्या. महिन्यातून एक-दोनदा जुना इंग्रजी नाचगाण्याचा सिनेमा लागायचा. खुर्च्यांसाठी पास लागायचा, आणि काकांच्या घरात पास एकच. तो काकीचा. कारण काकी शिवणकाम करते आणि कॉलनीतल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजचा गळा तिच्या हातात, मग तिला पहिल्या रांगेत जागा नाही मिळणार तर कुणाला? मला ती आपली म्हणून बरोबर न्यायची. काका पडद्याच्या मागे. मागे कुणालाही मुभा होती. आजूबाजूच्या गावातले लोक, कोळणी, कारखान्यांतले यूपी-बिहारचे कामगार, सगळे मातीत फतकल मारून बसायचे. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं. काकी म्हणायची, "लग्नात अंतरपाट दोन मिन्टं धरतात. आमचा बघ, दर शनिवारी धरतात आनि सिनेमा संपेपर्यंत काढत नाय."

पण मागे बसून काकांनी जे बघितलं ते पुढे खुर्चीत बसलेल्या कुणाला दिसलं नाही, हे मी लिहून देते. आम्हाला दिसायचे झगे, झुंबरं, आरशासारख्या फरश्या. काकीचं तर भलतंच, ती हिशेब करायची की या झग्याला चौदा वार तरी कापड गेलं असणार. काकांना दिसायचा हात. "त्या बाप्याचा पाठीवरचा हात बघ पोरी," ते मला परत येताना सांगायचे, सायकल हातात धरून. "तो तिला ढकलत नाय. विचारतो. इकडे येतेस काय? मग ती येते. नाय आली तर तो तिच्याकडे जातो. आनि लोकांना वाटतं दोघांनी आधीच ठरवलंय." त्यांचं म्हणणं, आपल्या सिनेमात हिरो-हिरॉइनचं प्रेम आधी होतं आणि मग ते पळत सुटतात, पण इंग्रजीत आधी भांडण होतं. ती तोंड फिरवते, तो काही बोलत नाही, नुसता हात पुढे करतो. "बोलून मिटत नाय ते असं मिटतं. गाणं सुरू होताना तिच्या कपाळाला आठी असते, संपताना बघ, हाय काय?" आणि बाई जास्त उठून दिसावी म्हणून बाप्या स्वतः कसा थोडा कमी नाचतो, हे तर ते इतक्या आदराने सांगायचे की वाटावं आपल्या गुरुजींबद्दल बोलतायत.

सगळ्यात आदर उजव्या हाताचा. "बघ, परदेशातले असून रीत कशी पाळतात. बाईचा हात धरायचा तर उजव्याच हातात. डावा पुढे करत नाय." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं हो! काका वळणावर सायकल अशी घ्यायचे की बघणाऱ्याला वाटावं सायकलने रेशमी झगा घातलाय. दारातून आत येताना अर्धी गिरकी. छिन्नी उचलताना एक पाय मागे. एकदा गल्लीत समोरून पाटी घेऊन कोळीण आली, दोघं एकाच बाजूला सरकले, मग दुसऱ्या बाजूला सरकले, आणि काकांनी तिथेच झुकून तिला वाट दिली. ती ओरडली, "ओ डायवाले, माझी मासळी आधीच मेलीय, तिला आनि नाचवू नका!"

पण काकांना सायकलीबरोबर नाचायचं नव्हतं. आयुष्यात एकदा, एक अख्खं गाणं, काकीबरोबर, न अडखळता, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुलगी लग्न होऊन डहाणूला गेली, घरात दोघंच उरली, तेव्हापासून ते दर रविवारी रेडिओ लावून उभे राहायचे. मी कुंपणावरून बघायचे, खोटं कशाला बोलू. काका उजवा हात पुढे करायचे. काकी लाजत लाजत तिचा उजवा पुढे करायची. आणि व्हायचं काय, तर शेकहँड! काकी म्हणायची, "काय, बरं हाय ना? घरी सगळी बरी हायत ना?" मग काका चिडायचे, कसाबसा हात धरायचे, एक पाऊल पुढे टाकायचे आणि काकीची किंकाळी. नेहमी डाव्या पायाचा अंगठा. दर वेळी तोच! काका म्हणायचे हिला ताल नाही. आणि ताल तर काकीच्या पायात होता, तो मला तिच्या शिवणाच्या मशीनच्या पायडलवर ऐकू यायचा. इंग्रजी सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी तिचं शिलाई मशीन खट-खट-खट न चालता खट्, टिकटिक, खट्, टिकटिक असं चालायचं. पण हे ती काकांना कशाला सांगेल? शेवटी अंगठ्याचं नख काळं पडलं आणि तिने कातर उगारून सांगितलं, "परत हात पुढे केलात तर बाही समजून कापीन."

मग काकांनी रेडिओ लावणंच बंद केलं. सायकलसुद्धा साधी वळायला लागली. मला बघवेना.

त्यातच कळलं की मंडळ सिनेमे बंद करणार. घरोघरी व्हिडिओ आले, मैदानात बसायला कोण येतंय? आता दोनच शनिवार उरले होते. पहिल्या शनिवारी मी पालघरहून उशिरा आले. सिनेमा सुरू झालेला, पुढे जायचं तर सगळ्यांचे पाय ओलांडा, म्हणून मी गेले मागे, काकांजवळ बसले. पडद्यावर एका हॉटेलचं दार आलं, वर पाटी. मी वाचायला गेले तर वाचताच येईना. अक्षरं उलटी! मग नाच सुरू झाला आणि त्या बाप्याने बाईचा हात धरला. उजव्या हातात. अहो, पुढून तर तो डाव्यात धरतो! मी दहा वेळा बघितलंय! काकी हा नाच पुढून बघत आली होती आणि काका मागून! शेकहँड, डावा अंगठा, सगळं एकदम समजलं.

"काका, इथून सगळं उलटं दिसतं!"

"कुठं उलटं?"

"ती पाटी वाचा ना!"

त्यांनी वाचली. घडाघडा. "बरोबर तर हाय," म्हणाले. मग त्यांचं तोंड हळूहळू उतरलं. कारण उलटं काय आणि सुलटं काय हे त्यांच्याइतकं तारापुरात कुणाला कळत होतं? बारा वर्षं माणूस साच्याच्या आतल्या बाजूने बघत होता आणि त्याला तो दागिना वाटला होता. इंटरव्हललाच उठले आणि चालत घरी गेले. सायकल मी आणली.

तो आठवडा विचारू नका. काका नाच पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले. चपलांवर खडूने "डा" आणि "उ" लिहिलं, आणि हाताच्या सवयीने दोन्ही अक्षरं उलटी! आमच्या ओट्यावर खांबाला धरून चार पावलं टाकायचे आणि पाचव्याला पाय आपोआप जुन्या बाजूला. "नाय जमायचं पोरी," शुक्रवारी म्हणाले. "पोलादात एकदा कोरलं की कोरलं. ते पुसता येत नाय." आणि मग अगदी हळू, "तिला सांगू नकोस. ताल नाय ताल नाय म्हणून किती बोललो मी तिला."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी! मला पोटात ठेवता येत नाही, माझा स्वभावच आहे तसा. काकी काजं करत होती. पूर्ण ऐकून घेतलं, आधी खो-खो हसली, हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं हा मानूस चुकत नव्हता?"

शेवटचा शनिवार. काका यायला तयार नव्हते, मी ओढत आणलं. मागे खूप गर्दी, शेवटचा खेळ म्हणून. पडद्यावर तो नेहमीचा प्रसंग आला, तिने तोंड फिरवलेलं, वाजंत्री सुरू होतायत. आणि बांबूला वळसा घालून काकी आली! नवं लुगडं, हातात चपला, पास ब्लाउजात खोचलेला. पहिली रांग सोडून ती मातीत आली. काकांसमोर उभी राहिली.

"उठा."

"अगं, लोक बघतील."

"बघू दे. उठा म्हनते ना."

काका उठले. उजवा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या हाताची लाज वाटत होती.

"तो चुकीचा हाय," ते म्हणाले.

काकीने तिचा डावा पुढे केला. "डावा तर डावा. मशीन टाके घालतं, पन कापड कोन सांभाळतं? हाच हात. मी याला अशुभ म्हटलं असतं तर गावात एक परकर सरळ शिवला गेला नसता."

मग काकांचा डावा हात तिच्या पाठीवर गेला. त्याने ढकललं नाही. विचारलं. काकांचा उजवा पाय पुढे, काकीचा डावा मागे, आणि अंगठा सुटला! कोळणी ओरडत होत्या, "काकी, नख सांभाळ गो!" कुणीतरी मागून "वाह चाचा! वाह!" म्हणून शिट्टी मारली. मातीतच, पडद्याच्या उजेडात, दोघं फिरत होती. पुढे खुर्च्यांवर बसलेल्यांना यातलं काही दिसलं नाही, बिचारे नुसता सिनेमा बघत होते. गाणं मला वाटतं चार मिनिटांचं असेल. अख्खं झालं. संपल्यावर मी काकीच्या कपाळाकडे बघितलं. आठी नव्हती.

मंडळाने सामान वाटलं तेव्हा पडदा काकीला दिला, कापड म्हणून. तिने त्याच दिवशी तो कातरीखाली घेतला आणि उशांचे अभ्रे शिवले. "एकदाचा अंतरपाट कापला," म्हणाली. याला आता तीन वर्षं झाली. मैदानात बांबूंचे दोन खड्डे होते, तेही बुजले. शनिवारी संध्याकाळी मी कधी तिथून गेले तर उगाच थांबते, आणि कशासाठी थांबले ते मला सांगता येत नाही.

आणि हे सगळं आजच का? तर मघाशी मी चहाला खाली उतरले आणि बोईसरच्या भर बाजारात काका-काकी रस्ता ओलांडत होती. ट्रक, रिक्षा, टेम्पो, सगळा गोंधळ. काकांनी न बघता उजवा हात बाजूला केला, काकीने न बघता डावा त्यात ठेवला, आणि एक टेम्पो आला तशी दोघं एक पाऊल मागे, मग दोन पुढे, आणि पलीकडे. मी गाळ्याच्या पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. चहावाला माझ्याकडे बघायला लागला.

साहेब आले वाटतं. पटकन सांगा, तुमच्या घरात असं झालंय कधी? समोरचं माणूस सारखं पायावर पाय देतंय म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं ओरडलात, आणि ते पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलंय हे बघायला उठून गेलात का एकदा तरी?